गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

आमच्या ह्यांचा आवाज मोठा. सहदेव नाव, आणि बोलायला लागले की शेजारच्या विंगेतला माणूस खिडकीशी येतो. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा मला वाटायचं, हे माझ्यावर ओरडतायत. ओरडत नव्हते, मीठ मागत होते. पुढे सवय झाली. शिलाई मशीन चालू असलं तरी मला ह्यांचं ऐकू येतं, तेवढा एक फायदा. मी ब्लाउज शिवते. नाहूर स्टेशनच्या पूर्वेला विचारा, शेवंतीताईंचा हात कसा आहे ते सांगतील.

ह्या आवाजामुळेच गावच्या मंडळाचं गाऱ्हाणं ह्यांच्याकडे आलं. आम्ही कणकवलीकडचे. गावातली निम्मी घरं आता भांडुप, नाहूर, मुलुंडला पसरलेली. वर्षातून एकदा मंडळाची सत्यनारायणाची पूजा असते, भांडुपच्या एका हॉलात. आरती झाली की सगळे उभे राहतात आणि एक माणूस नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो. कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, कुणाच्या मुलीचं जमत नाही, सगळं नावं घेऊन देवापुढे मांडायचं. एकेक मागणं झालं की बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आधी माझे सासरे घालायचे. गिरणीत होते ते, भोंग्यावर ताण करेल असा आवाज. ते गेल्यावर ह्यांनी नारळ हातात घेतला. कंपनीत फिटर म्हणून आयुष्य गेलं, कुणी साहेब म्हटलं नाही, पण त्या एका दिवशी आख्खा हॉल ह्यांच्या तोंडाकडे बघतो. मलाही आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग एका वर्षी ह्यांनी रतनचं नाव सोडलं. रतन मंडळाचा सेक्रेटरी, हॉल बुक करण्यापासून केळीचे खांब आणण्यापर्यंत सगळं तोच बघतो. गडबडीत राहिलं, एवढंच. रतनच्याही तेव्हा लक्षात आलं नाही. पण त्याच आठवड्यात तो स्कूटरवरून आरे कॉलनीतून येत होता, मध्ये म्हैस आली आणि पाय मोडला. आम्ही बघायला गेलो तर प्लास्टर घालून पडल्या पडल्या हसत म्हणाला, सहदेवा, माझं नाव गाळलंस, बघ देवानं मला कसा गाळला. सगळे हसले. हेही हसले. चहा प्यायलो, निघालो. घरी आल्यावर हे जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून घरी सकाळी गाऱ्हाणं सुरू झालं. आंघोळ करून देवाऱ्यापुढे उभं राहायचं आणि मंडळातल्या सगळ्यांची नावं घ्यायची. मला मागे उभं करायचे, कारण गाऱ्हाणं घालणारा एकटा असून चालत नाही, 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणीतरी लागतं. मी म्हणायचे. त्यात काय, तोंडच हलवायचं. विमला आमच्या शेजारी राहते, तिला भिंतीतून ऐकू जायचं. ती म्हणायची, नशीबवान आहेस गं, आमचे हे सकाळी उठून आधी मोबाईलचं तोंड बघतात. मीसुद्धा चार जणींत सांगितलं की रिटायर झाल्यापासून आमचे हे देवाला लागले. मंडळात बातमी पसरली तशी फोन यायला लागले. माझ्या मुलाचा व्हिसा अडकलाय, घ्या नाव. माझ्या सुनेची परीक्षा आहे, घ्या नाव. हे घेत गेले. झालं काय, नावं वाढत गेली आणि एकदा आत आलेलं नाव बाहेर जाईना. व्हिसा मिळून तो पोरगा तिकडे बर्फात फोटो काढत होता, इथे आम्ही त्याच्यासाठी रोज 'व्हय म्हाराजा' करत होतो.

मग मंडळाबाहेरची नावं आली. कंपनीतले, बिल्डिंगमधले, वॉचमन, दूधवाला. मध्येच कुकरची शिट्टी झाली की पहिल्यापासनं. मला शिंक आली की पहिल्यापासनं. गेलेल्या माणसाचं नाव तोंडात आलं की चूळ भरून पुन्हा पहिल्यापासनं. आणि सगळं संपलं की माझ्या मागे मागे फिरायचे. रतनचं घेतलं ना मी? प्रांजलचं घेतलं ना? तू ऐकलंस ना? प्रांजल म्हणजे आमची मुलगी, चेंबूरला दिलीय. मी म्हणायचे, घेतलं हो, घेतलं. तेवढ्यापुरता चेहरा मोकळा व्हायचा. मी सुईत दोरा ओवेपर्यंत परत दारात उभे. नक्की ना?

माझा स्वभाव काही गोड नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा कात्री आपटली मी आणि म्हटलं की तुमचा देव बहिरा आहे का, एकदा सांगितलेलं कळत नाही त्याला? हे रागावतील असं वाटलं होतं. ते खाली बसले. तो एवढा आवाजाचा माणूस, पण अगदी हळू बोलले.

"देव भयरो नाय गो. माझोच माका भरवसो नाय."

मला भीती वाटली ती त्या दिवशी. तोपर्यंत नुसता वैताग होता. चुलतदीर मधुकर भावोजींना मी सांगितलं, म्हटलं हे काहीतरी वेगळं आहे. ते मोठ्या समजुतीनं आले आणि ह्यांना म्हणाले, दादा, देवाचं काहीतरी राहिलं असेल आपल्याकडून, आठवून बघ. झालं. ज्या माणसाला काहीतरी राहिलंय हाच घोर लागलाय त्याला हे सांगायचं! भावोजींचं मन चांगलं आहे, डोकं कधीमधी सुट्टीवर असतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं गाऱ्हाणं जेवायच्या वेळेपर्यंत लांबलं.

प्रांजलला दिवस गेले होते. तिचं डोहाळजेवण चेंबूरला तिच्या सासरी ठेवलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं केलं होतं त्या लोकांनी. आम्ही सकाळी निघायचं ठरलेलं. हे आंघोळ करून देवाऱ्यापुढे उभे राहिले आणि हलेचनात. मी साडी नेसून, ओटीचं सामान पिशवीत भरून दारात उभी. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग रिक्षा बोलावून एकटीच गेले. जावयाला सांगितलं की ह्यांना पित्त झालंय. प्रांजल झोपाळ्यावर बसून सारखी दाराकडे बघत होती. फोटोंत बघा, एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. हे पोचले तेव्हा केटररची माणसं टेबलं उचलत होती. ओठ सुकलेले, आवाज पार बसलेला, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. प्रांजलसमोर उभे राहिले आणि म्हणाले, तुझं आणि बाळाचं नाव नीट घेत होतो, वेळ लागला. तिनं बाबांची बटणं सोडून पुन्हा नीट लावली आणि मग आत जाऊन रडली. मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, मुलुंडच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतलीय. मी आधी भडकले. वेड्यांच्या डॉक्टरकडे? तुझा बाप वेडा आहे का? ती शांतपणे म्हणाली, आई, त्यांना त्रास होतोय, एवढंच बघ. मी काही बोलायच्या आत मागून ह्यांनी फोन घेतला आणि येतो म्हणाले. वाटच बघत होते म्हणायचे कुणी नेण्याची. एकच अट घातली, मंडळात कळता कामा नये.

डॉक्टर ऋता म्हणून आहेत. आमच्या प्रांजलपेक्षा थोडी मोठी असेल, सुती साडी, ब्लाउज मापात नव्हता, खांद्यावर ओढत होता. माझं अर्धं लक्ष तिकडे. तिनं ह्यांना आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते विचारलं. ती पुण्याकडची, तिला माहीत नव्हतं. ह्यांनी सांगितलं. मग ती एकेक विचारत गेली. दिवसातला किती वेळ यात जातो? मध्येच थांबवलं तर काय वाटतं? छातीत धडधडतं का? थांबवायचा प्रयत्न करून बघितलाय का? गॅस, कुलूप यांचंही असं होतं का? तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुलूप ओढून बघायला हे जिन्यावरून परत यायचे, ते तर कितीतरी वर्षांपासून. झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, तेही विचारलं. मला वाटलं हे चिडतील. ह्यांनी सगळी उत्तरं दिली. मग तिनं विचारलं की नाव राहिलं म्हणून माणसाचं वाईट होतं, असं तुम्हाला खरंच वाटतं का? हे म्हणाले, वाटत नाही, मला कळतं की हा खुळेपणा आहे, पण कळून थांबवता येत नाही.

"वडील किती वेळा घालायचे गाऱ्हाणं?" तिनं विचारलं.

"एकदाच."

"आणि एखादं नाव राहिलं तर?"

"शेवटी म्हणायचे, चुकला-माकला पोटात घाल म्हाराजा. मग नारळ ठेवायचे नि जेवायला बसायचे."

ती हसली नाही, मान डोलावली. मग तिनं समजावून सांगितलं. ह्याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. हे वेड नाही आणि ही भक्तीही नाही. मनात एक नको असलेला विचार घुसतो, माझ्यामुळे कुणाचं तरी वाईट होईल. तो विचार इतका छळतो की त्याला गप्प करायला माणूस काहीतरी करतो. कुणी हात धुतं, कुणी कुलूप ओढतं, तुम्ही नावं घेता. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि तिथेच गोम आहे. मेंदूला वाटतं, नाव घेतलं म्हणूनच वाचलो, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी जोरात घाबरवतो. रतनच्या अपघातामुळे हे झालं असं नाही, पीळ आधीपासूनच असणार, त्या दिवशी तो आवळला गेला. ह्यावर औषध आहे आणि उपचारही आहेत. वेळ लागेल. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, सगळ्यात अवघड काम तुमचं आहे. उद्यापासून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं नाही, आणि नाव घेतलं का असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही.

मी म्हटलं, मग काय तोंडाला कुलूप लावू? माणूस समोर घाबराघुबरा उभा आहे आणि मी गप्प बसू? ती म्हणाली, गप्प बसू नका, हे उत्तर मी देणार नाही, असं प्रेमानं सांगा. प्रेमानं म्हणे. आमच्याकडे प्रेमानं बोलायची पद्धत नाही, आम्ही जेवायला वाढतो.

पहिले आठवडे वाईट गेले. गोळ्यांनी मळमळायचं, झोप उडायची. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की फरक हळूहळू पडेल, मनानं बंद करायच्या नाहीत. सकाळी हे देवाऱ्यापुढे उभे राहायचे आणि मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी, म्हणजे माझ्या तोंडून निघायला नको. मागे वळून बघायचे माझ्यासाठी. इतक्या वर्षांत त्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेव्हा मी द्यायचं नाही, असला उपचार. एकदा ह्यांनी हात जोडले मला. म्हणाले, एकदाच म्हण. मी म्हटलं, हे उत्तर मी देणार नाही, आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून रडले. बाहेर आले तर हे सोफ्यावर बसून घाम पुसत होते. घाम पुसून झाला, श्वास जागेवर आला आणि काही न म्हणता उठून त्यांनी भाजी चिरायला घेतली. मी बघतच राहिले. कुणी काही सांगितलं नाही तरी भीती आपली आपण उतरली होती.

मग दवाखान्यात नावं सोडायचं ठरलं. डॉक्टर म्हणाली की सकाळचं गाऱ्हाणं बंद करू नका, वडील घालायचे तसं एकदा घाला, पण रोज एखादं नाव मुद्दाम सोडा आणि ती भीती अंगावर घेऊन बसा, ती चढेल आणि उतरेल. कुठलं नाव सोडणं सोपं, कुठलं अवघड, ते आधी तोंडी सांगा. हे सांगायला लागले. दूधवाला सोपा. वॉचमन त्याच्या वर. कंपनीतले त्याच्या वर. मग रतन.  त्यानंतर प्रांजल आणि बाळ, असं म्हणून ह्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, संपलं. बापाचं काळीज ते, ह्याच्या वर काय असणार? मी पर्स उचलली.

डॉक्टरनं विचारलं, "ह्याच्याही वर कुणी आहे?"

ह्यांनी मग माझ्याकडे न बघता अंगठा माझ्या दिशेनं केला.

"हिचा. हिचा नाव माका सोडूक जमाचा नाय. ता मागू नकात."

मी काय सांगू? लग्नाला इतकी वर्षं झाली. ह्या माणसानं मला साडी बरी दिसते असंही कधी म्हटलं नाही. माझ्या हातचं आवडलं की ताट पुढे सरकवतो, ती आमची तारीफ. मी आजारी पडले तर डोक्याशी बसत नाही, दर तासाला येऊन गॅसवर दूध तापवतो. मला वाटायचं, लेकीवर जीव आहे, मंडळावर जीव आहे, मी आपली घरात आहे. आणि इथे ह्या परक्या बाईसमोर, खुर्चीत अंग चोरून बसून, हा माणूस सांगतोय की सगळ्यात मोठी भीती ती माझी. मला इतकं भरून आलं की राग आला. बाहेर पडल्यावर रस्त्यातच मी बोलले त्यांना. म्हटलं, हे सांगायला डॉक्टरची फी भरावी लागली होय तुम्हाला? घरी तोंड नव्हतं? हे म्हणाले, घरी तू मशीनवर असतेस. मग आम्ही स्टेशनसमोर उसाचा रस प्यायलो. एवढंच.

महिने गेले. दूधवाला सुटला, तो तर रोज दारात धडधाकट उभा असायचा, भीतीला तिथेच उत्तर मिळायचं. वॉचमन सुटला. रतनचं नाव सोडलं त्या दिवशी हे सारखे फोनकडे जात होते, त्याला फोन करून बरा आहेस ना विचारायचं, तेही मना होतं. मी फोन माझ्या शिलाईच्या टोपलीत, चिंध्यांखाली ठेवला. हे फेऱ्या घालत होते, मग कॅरमचा डाव मांडला आणि एकटेच खेळले. कधी दोन पावलं पुढे, कधी मागे. प्रांजलला कळा सुरू झाल्या तेव्हा मला वाटलं, आता वाट लागली, सगळं परत पहिल्यापासनं. ह्यांनी एकदा गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, चपला घातल्या आणि हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याआधी जाऊन बसले. मुलगा झाला. केयूर ठेवलंय नाव. त्याचं आणि प्रांजलचंही नाव पुढे एका सकाळी सोडून बघितलं ह्यांनी, दिवसभर अन्न गेलं नाही, पण बघितलं.

माझं तेवढं राहिलं. डॉक्टरनं घाई केली नाही. ह्यांनीच एक दिवस सांगितलं की तिचं नाव मी मंडळाच्या पूजेत सोडतो. डॉक्टर म्हणाली, घरी का नको? हे म्हणाले, घरी सकाळी सोडलं तर संध्याकाळी मी मनातल्या मनात घेईन, मला माझी चोरी ठाऊक आहे. हॉलातलं गाऱ्हाणं वर्षातून एकदाच. तिथे सोडलं की वर्षभर सुटलं. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, तुम्हाला चालेल का म्हणून. मी म्हटलं, मला काय होतंय? म्हटलं खरं. पण पूजेच्या आदल्या दिवशी भाजी घ्यायला रस्ता ओलांडताना मी दोन्हीकडे जरा जास्तच बघितलं. माणूस आहे मीपण.

पूजेला हॉल भरला होता. आरती झाली. सगळे उभे राहिले. केयूरला मांडीवर घेऊन प्रांजल पुढे खुर्चीत होती, मी बायकांत, विमलाच्या बाजूला. तिला आम्ही दरवर्षी पूजेला बोलावतो. ह्यांनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. काय आवाज लागला म्हणून सांगू! हॉलातले पंखे चालू असून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द. एकेक घर घेत गेले. रतनचं घर आलं, रतन मोठ्यांदा 'व्हय म्हाराजा' म्हणाला. मग शेवटी आमचं घर, सुरुवात लेक-जावई-नातवापासून. स्वतःचं घर शेवटी घ्यायचं ही सासऱ्यांची पद्धत.

"माज्या चेडवाक, जावयाक नि त्येंच्या झिलाक सुखी ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हॉल म्हणाला.

 मला दिसलं, नाव ओठापर्यंत आलं होतं. नारळ धरलेल्या हातांची बोटं पांढरी पडली. मग म्हणाले, "चुकला-माकला पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हॉल म्हणाला, पण ह्या वेळी जरा विस्कळीत. बायकांनी माझ्याकडे बघितलं. विमलानं मला कोपरानं ढोसलं, अगं, तुझं राहिलं. पलीकडून कुणीतरी च्च केलं. आणि पुढच्या रांगेतून मधुकर भावोजी, डोकं सुट्टीवर ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले.

"दादा, वैनीचा नाव ऱ्हवला. परत घे."

झालं, सगळ्यांनी धरलं. घ्या हो, घ्या, एक नाव तर आहे, अपशकुन नको, देव कुठे पळून जातोय. रतनसुद्धा म्हणाला. चांगुलपणानंच म्हणत होते सगळे, त्यांना काय माहीत? इतक्या महिन्यांत मी घरात जे दिलं नाही ते आख्खा हॉल ह्यांच्या हातात आणून ठेवत होता. आणि घेतलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती, उलट बरंच वाटलं असतं लोकांना. ह्यांच्या कपाळावर घाम आला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला हात वर करून सांगावंसं वाटत होतं, अहो, मी धडधाकट आहे, बघा, उभी आहे. तेच तर सांगायचं नव्हतं. मी नुसती उभी राहिले. प्रांजलही केयूरला नुसती छातीशी धरून बसली होती.

"ऱ्हवला तर ऱ्हवांदे," हे म्हणाले आणि नारळ देवापुढे ठेवला.

हॉलात कुजबुज झाली. मग कुणीतरी पानं मांडा म्हणालं आणि लोक पांगले. मंडळींना त्या दिवशी वाटलं असणार की सहदेव आणि शेवंतीचं घरात काहीतरी वाजलंय. विमला तर माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, बिच्चारी म्हणून. मी तिला काही सांगितलं नाही. त्या हॉलात शे-सव्वाशे माणसांची नावं देवाच्या कानावर गेली होती, एक माझंच गेलं नव्हतं. आणि माझ्याइतकी भाग्यवान बाई तिथे दुसरी कुणी नव्हती, हे फक्त चौघांना ठाऊक होतं, मला, ह्यांना, प्रांजलला आणि मुलुंडच्या त्या डॉक्टरला.

हे पुरुषांच्या पंगतीत गेले नाहीत. बायकांमधून वाट काढत आले आणि माझ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. काही विचारलं नाही. श्वास मोठा चालला होता आणि उजवा हात गुडघ्यावर थरथरत होता.  तो हात उचलून मी माझ्या हातात घेतला, भर हॉलात, सगळ्या गावासमोर. आमच्याकडे असं कुणी करत नाही. विमला बघत होती, भावोजी बघत होते. बघू देत म्हटलं, आणि थरथर थांबेपर्यंत तसाच धरून बसले.